हा बरा, की हा?

ऐरोली, सेक्टर आठ. दुकानामागची खोली आखूड,
सहा मीटर कुठून आणू,
म्हणून तक्ता पाठीमागे उलटा टांगलाय
आणि पेशंट समोरच्या आरशात सुलटा वाचतो.

वेदांग मढवी. वय पंधरा. दिवागावचा.
सोबत आई. उत्तरं तीच देते.
डोकं दुखतं त्याचं, ती सांगते.
जेवताना मान वर करत नाही.
मावशीच्या साखरपुड्यात जिन्यात बसून राहिला,
कुणी विचारलं तर हं, नाहीतर तेही नाही.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही,
दिवसा कुणाच्या डोळ्याला डोळा नाही.
मी लिहून घेते: डोकेदुखी, झोप कमी.
उरलेल्याला माझ्या फॉर्मवर रकाना नाही.

वाच.
ग. म. ट.
चौथ्या ओळीत भचा म होतो,
पाचवीत घ आणि ध सख्खे भाऊ,
सहावी त्याच्यासाठी नुसत्या मुंग्या.

भिंगं बदलत विचारते, वीस वर्षं हेच विचारतेय:
हा बरा, की हा?
'सेम.'
आता? हा, की हा?
'सेम.'
ताई, बाहेर फ्रेम बघता का तोवर, आईला म्हणते,
आणि दिवा मालवते.

अंधारात माणसं बोलतात.
हे कॉलेजात शिकवलं नव्हतं.
यंत्राचा बारीक उजेड त्याच्या बाहुलीत शिरतो,
माझा गाल त्याच्या गालाजवळ,
आणि तो, खोलीला सांगावं तसा:
'माझा स्टिकर केलाय.'
कुणी?
'वर्गाने.'
सहलीतला फोटो. तोंड उघडं, वडापाव अर्धा आत,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
आता कुणी विनोद केला की तो,
कुणी नापास झालं की तो,
गुड नाइटलासुद्धा तोच.
ग्रुप सोड मग.
'सोडला तर मागे काय टाकतात ते कळणार नाही ना.'

म्हणजे जागरण नव्हे, पहारा.
स्वतःच्याच तोंडावर, रात्री अडीच-तीनपर्यंत.

मी आत बघत होते. नारिंगी पडदा,
नीट फुटलेल्या शिरा,
पुस्तकात छापावा इतका निरोगी डोळा.

उजवा वजा पावणेतीन, डावा वजा अडीच.
मागच्या जूनमध्ये दोन्ही दीड होते.
नंबर वाढलाय, आईला सांगितलं.
'खारीन टाकीन यो मोबाईल,' ती म्हणाली,
आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी टुंग वाजला.
आम्ही तिघांनीही खाली पाहिलं.

मग मी नियम सांगितला, सगळ्यांना सांगते तो:
दर वीस मिनिटांनी
वीस सेकंद
वीस फुटांवर बघायचं.
'वीस फुटांवर काय बघू?'

दोन तासांत त्याने विचारलेला पहिला प्रश्न.
(दोन तास नसतील. पाऊण. मला तसे वाटले.)
दारातून पाहिलं: स्टँडवर लावलेली स्कूटर,
शहाळीवाला, त्याचा कोयता,
समोरच्या तिसऱ्या मजल्यावर वाळणारी गोधडी,
तिचा एक कोपरा सारखा उलटतोय,
कुणी सरळ करायला येत नाही.
असेल काहीतरी, म्हणाले.
इतकं वाईट उत्तर मी नवऱ्यालाही दिलं नाही कधी.

शनिवारी चष्मा न्यायला एकटा आला.
काड्या गरम करून कानामागे वळवल्या, बसवला.
घट्ट होतोय?
'नाही.'
बिल फाडलं, डबी दिली, निळं फडकं दिलं.
दारापर्यंत गेला.
पायरीवर थांबला. समोर बघत होता, वरती कुठेतरी,
मी सेकंद मोजले नाहीत.
मग परत आला,
मान वर, नव्या काचांतून सरळ माझ्याकडे:

'थोडा होतोय. उजवीकडे.'